उबुंटू २२.०४ वर गेल्यावर लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही, सिमलिंकही चालेना

निळा_कर्सर

सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला. अपग्रेड विनातक्रार पार पडलं, पण रिपोर्ट काढणारा सी++ मधला जुना प्रोग्रॅम आता सुरूच होत नाही. टर्मिनलवर येतं: "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएसएसएल.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल". एक्झिट कोड १२७.

सिस्टिमवर लिबएसएसएल.एसओ.३ (एनक्रिप्शनच्या ओपनएसएसएल लायब्ररीची नवी आवृत्ती) आहे, म्हणून तिच्याकडे बोट दाखवणारी १.१ नावाची सिमलिंक केली. आता म्हणतो, "व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड". एलडीकॉन्फिग चालवून झालं, फरक नाही. सोर्स कोड हाताशी आहे, पण नवा बिल्ड तपासून व्हायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर हा चालू कसा ठेवायचा?

दुवा_जोडणी

सगळ्यात आधी ती सिमलिंक काढा आणि रूट म्हणून एलडीकॉन्फिग पुन्हा चालवा. ती तिथे असेपर्यंत खरी अडचण झाकलेली राहील.

एसओ च्या पुढचा आकडा शोभेचा नसतो. लायब्ररीचा बायनरी इंटरफेस (कंपाइल झालेले प्रोग्रॅम तिच्याशी जोडले जातात ती पद्धत) मोडला की तो आकडा बदलतात, म्हणजेच १.१ साठी बांधलेल्या प्रोग्रॅमला ३ चालणार नाही असं लेखकांनीच सांगून ठेवलेलं असतं. ओपनएसएसएल तर प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचा शिक्का मारतं. लोडरने (प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी शोधून जोडणारा भाग) तुमची फाइल उघडली, आत १_१_० चा शिक्का शोधला, तो मिळाला नाही, म्हणून दुसरी एरर आली. एलडीकॉन्फिग फक्त असलेल्या फाइलींची यादी ताजी करतं. जी फाइलच नाही ती ते कुठून आणणार?

दुसरं म्हणजे, लोडर पहिल्या न सापडलेल्या लायब्ररीपाशीच थांबतो. त्यामुळे पूर्ण यादी आधी काढा:

एलडीडी ./रिपोर्ट | ग्रेप "नॉट फाउंड"

(बाहेरून आणलेल्या, भरवसा नसलेल्या बायनरीवर (कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमवर) एलडीडी वापरू नका, त्यात ती बायनरी चालवली जाण्याची शक्यता असते. तिथे रीडएल्फ -डी घ्या आणि "नीडेड" च्या ओळी वाचा.)

निळा_कर्सर

सिमलिंक काढली. यादीत आता चार नावं आहेत: लिबएसएसएल.एसओ.१.१, लिबआयसीयूआय१८एन.एसओ.६६, लिबआयसीयूयूसी.एसओ.६६ आणि लिबक्रिप्टो.एसओ.१.१.

दुवा_जोडणी

अपेक्षितच होतं. २०.०४ मध्ये आयसीयू (युनिकोड मजकूर हाताळणारी लायब्ररी) ६६ होतं, २२.०४ मध्ये ७० आहे. इथेही सिमलिंकचा मोह नको; आयसीयूच्या फंक्शनच्या नावातच शेवटी _६६ जोडलेलं असतं, ७० मध्ये ती नावंच नाहीत.

मार्ग_शोधक

तात्पुरती सोय अशी करा. २०.०४ च्या अधिकृत भांडारातून लिबएसएसएल१.१ आणि लिबआयसीयू६६ यांच्या डेब (पॅकेज) फाइली घ्या, पण इन्स्टॉल करू नका. डीपीकेजी-डेब -एक्स ने एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडा आणि हव्या तेवढ्याच फाइली /ऑप्ट/रिपोर्ट/लिब मध्ये ठेवा. लिबआयसीयूडेटा.एसओ.६६ विसरू नका, लिबआयसीयूयूसीला ती लागते. फोल्डर रूटच्या मालकीचं ठेवा, इतर कुणाला लिहिता येता कामा नये. २०.०४ चं भांडार एपीटीच्या (पॅकेजं टाकणाऱ्या साधनाच्या) यादीत जोडू नका, नाहीतर पुढच्या अपडेटला जुन्या-नव्या पॅकेजांची सरमिसळ होईल. आणि कुठल्याही परिस्थितीत लिबसी.एसओ.६ कॉपी करू नका.

मग पॅचएल्फने (बायनरीत लिहिलेले मार्ग बदलणारं साधन) बायनरीला लायब्ररी शोधायचा मार्ग सांगा:

पॅचएल्फ --फोर्स-आरपाथ --सेट-आरपाथ /ऑप्ट/रिपोर्ट/लिब ./रिपोर्ट

यातला --फोर्स-आरपाथ मुद्दाम आहे. तो नसेल तर पॅचएल्फ "रनपाथ" लिहितं, आणि रनपाथ फक्त त्या बायनरीने स्वतः मागितलेल्या लायब्ररींपुरता चालतो. तुमच्या बाबतीत लिबआयसीयूडेटा नेमकी तिथे अडकेल: ती प्रोग्रॅम मागत नाही, लिबआयसीयूयूसी मागते. फाइल डोळ्यांसमोर असते आणि तरी "नॉट फाउंड" येतं. जुना आरपाथ मात्र पुढच्या लायब्ररींनाही लागू होतो. बायनरीची प्रत आधी काढून ठेवा.

काय कुठून उचललं जातंय हे बघायचं असेल तर एलडी_डीबग=लिब्ज लावून प्रोग्रॅम चालवा. लोडर कुठल्या फोल्डरांत, कुठल्या क्रमाने शोधतो ते ओळीओळीने दिसतं.

निळा_कर्सर

आभार, चालला. एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरने आधी शोधायची फोल्डरं) बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) टाकून हेच झालं नसतं का?

मार्ग_शोधक

तुमच्या टर्मिनलपुरतं झालं असतं. सिस्टिमडी आणि क्रॉन (सर्व्हिस आणि वेळापत्रकातली कामं चालवणारे) बॅशआरसी वाचत नाहीत, त्यामुळे हाताने चालवलं की चालतं आणि रात्रीच्या वेळापत्रकात पडतं. शिवाय त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी तुमच्या जुन्या फोल्डरमध्ये डोकावतो. वापरायचाच असेल तर फक्त त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलीत, "एन्व्हायर्नमेंट=" च्या ओळीत.

मेक_क्लीन

हे खरंच दोन-तीन दिवसांपुरतंच ठेवा. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, आणि बाजूच्या फोल्डरमधली प्रत एपीटी कधीच अपडेट करणार नाही. प्रोग्रॅम नेटवर्कवर ऐकत असेल तर तेवढे दिवसही फायरवॉलमागे ठेवा.

बिल्डसाठी लिबएसएसएल-डेव्ह आणि लिबआयसीयू-डेव्ह टाका आणि बिल्डचं फोल्डर पूर्ण पुसूनच सुरुवात करा. जुन्या .ओ फाइलींत _६६ ची नावं आणि सीमेककॅशमध्ये जुने मार्ग शिल्लक असतात, मग लिंक करताना "अनडिफाइन्ड रेफरन्स" चा पाऊस पडतो. एमडी५_इनिट सारख्या जुन्या फंक्शनांवर "डेप्रिकेटेड" चे इशारे येतील, ते बिल्ड थांबवत नाहीत, -डब्ल्यूएरर (इशाऱ्यालाही एरर मानणारा पर्याय) असेल तरच थांबवतील. खरं लक्ष ठेवायचं ते आरसी४, ब्लोफिश, साधं डीईएस या जुन्या एनक्रिप्शन पद्धतींवर: ते ३.० मध्ये "लेगसी प्रोव्हायडर" मध्ये हलवले आहेत. कंपाइल व्यवस्थित होतं, चालवताना ईव्हीपीच्या (ओपनएसएसएलच्या एनक्रिप्शन फंक्शनांच्या) कॉलला एरर येते.

नव्या बायनरीवर एलडीडी चालवून लिबएसएसएल.एसओ.३ आणि आयसीयूचे ७० दिसले, की /ऑप्ट/रिपोर्ट/लिब पुसून टाका.