पुतळ्यांवाचून अडत नाही
धातूचे पुतळे खेड्यात मिळत नाहीत, म्हणून छोट्या पुतळ्यांची सैन्यं पटावर मांडून खेळायचा प्राचीन लढायांचा खेळ सोडू नका, दादा. यात मोजमाप बैठकीचं, म्हणजे पुतळे ज्यावर चिकटवतात त्या पट्टीचं असतं, पुतळ्याचं नाही. 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' (१९९०) या नियमपुस्तकाचे नियम घ्या: सैन्याला फक्त १२ तुकड्या आणि १५ मिमी उंचीच्या पुतळ्यांसाठी प्रत्येक बैठक ४० मिमी रुंद. पुठ्ठा कापा, वर मातीचे स्वार चिकटवा. आमच्याकडे पोळ्याचे बैल करणाऱ्या कुंभारानं हत्ती फार देखणे करून दिले.

आणि दरवेळी रोमनच कशाला? १२९६ ची देवगिरीची स्वारी मांडा. अलाउद्दीन आपल्या अचलपुरावरूनच तिकडे गेला. रामदेवरायाची मुख्य फौज बाहेर होती. राजपुत्र ती घेऊन परतला आणि लढाई यादवांकडे झुकली. जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो, तेवढ्यात किल्ल्याच्या वेढ्यावरची अलाउद्दीनचा सरदार नुसरत खान याची तुकडी धावून आली. तिलाच दिल्लीची मोठी फौज समजून यादव फुटले. केवढा चटका लावणारा प्रसंग आहे!

ही तुकडी पटाबाहेर ठेवा, तिचं येणं फाशावर सोडा. मात्र सहा पडल्यावरच येऊ द्या. चार-पाचावर आणली तर यादवांना संधीच उरत नाही.