कॉर्नियाला 'बुबुळ' म्हणावे का? (काचबिंदूच्या थेंबांवरून)

अक्षरवेल : काचबिंदूच्या थेंबांविषयीचे माहितीपत्रक मराठीत करत आहे. लॅटानोप्रोस्ट या औषधाचे थेंब दीर्घकाळ घातल्यास बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि थेंबांतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकाने (औषध टिकवणाऱ्या द्रव्याने) कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) वरच्या थरातील पेशींना इजा होते, अशी दोन वाक्ये त्यात पाठोपाठ येतात. नेत्रदानात 'बुबुळ काढतात' असे आपण सर्रास म्हणतो, म्हणून मी दोन्हीकडे 'बुबुळ' ठेवले. तपासनिसांनी दुसऱ्या ठिकाणी 'स्वच्छमंडल' केले. रुग्णाला ते कळेल का?

दृष्टिक्षेप : भेद करायलाच हवा. बुबुळाचा बदललेला रंग सहसा कायम राहतो, पण त्याने दृष्टीला अपाय होत नाही. कॉर्नियाची इजा मात्र परिरक्षकरहित थेंबांवर गेल्यास बऱ्याचदा भरून येते. मी नेत्रतपासणीचे काम करतो. फ्लुओरेसिन हा रंग डोळ्यात घालून निळ्या उजेडात पाहिले की इजा झालेल्या जागी बारीक हिरवे ठिपके चमकतात, आणि ते बुबुळावर नसून त्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर असतात. टिमोलोल या काचबिंदूच्याच दुसऱ्या औषधाने तर कॉर्नियाची संवेदनाच मंदावू शकते, तेव्हा खुपत नाही म्हणजे सारे ठीक आहे असे रुग्णाने धरून चालू नये. आम्ही सरळ 'डोळ्याची काच' म्हणतो.

माजघर : आमच्या आजीच्या तोंडी 'बुबुळावर फूल पडलंय' असे असे, आणि ते फूल म्हणजे कॉर्नियावरचा पांढरा व्रणच. बोलीत बुबुळ म्हणजे डोळ्याचा सगळा काळा भाग, वरच्या आवरणासकट. तो अर्थ चुकीचा कसा ठरवता?

शब्दनिष्ठ : चुकीचा नाही, पण औषधाच्या पत्रकात अपुरा आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कॉर्नियाला 'पारपटल' आणि त्यामागच्या गडद पडद्याला 'बुबुळ' म्हटले आहे. घडवलेला मराठी शब्द मुले शिकत असताना हिंदी पुस्तकांतले 'स्वच्छमंडल' कशाला?

दृष्टिक्षेप : 'पारपटल' म्हटले की रुग्ण पडदा समजतात, आणि पडदा म्हणजे त्यांच्या लेखी मागचे दृष्टिपटल.

माजघर : आणि 'काच' म्हटले की काचबिंदू त्या काचेवरच आहे असे त्यांना वाटते, त्याचे काय? खरी हानी तर दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची होते. आयुर्वेदात दृष्टी मंदावत जाण्याचा तिमिर, काच, लिंगनाश असा क्रम आहे. काचबिंदूतला 'काच' तिथूनच आला असणार.

शब्दनिष्ठ : तो 'काच' मला मोतीबिंदूच्याच अधिक जवळचा वाटतो. हे नाव काचबिंदूकडे कसे आले, ते आधी शोधायला हवे.

अक्षरवेल : पत्रक उद्या छापायला जायचे आहे. तूर्त 'कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक भाग' असे लिहू का?