लुपस नेफ्रायटिस: किडनीचे आकडे सुधारताहेत, पण डोकं चालत नाही. आधी काय तपासायचं?

अंमळनेरकर

लहान बहिणीसाठी विचारतोय. वय २९, वजन ४६ किलो. जानेवारीत बायोप्सी, लुपस नेफ्रायटिस क्लास ४ (लुपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उठते, इथे किडनीवर).

सध्याची औषधं: प्रेडनिसोलोन १५ मिग्रॅ (स्टेरॉइड, ४० वरून उतरवत आणलंय), मायकोफेनोलेट १ ग्रॅम दोनदा (प्रतिकारशक्ती दाबणारं), हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० (लुपसचं), टेल्मिसार्टन ४० (बीपीचं), टॉर्सेमाइड १० (लघवी वाढवणारं), पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम. पायांना मुंग्या येतात म्हणून गावातल्या दवाखान्यातून प्रिगाबालिन ७५ सकाळ-संध्याकाळ, त्याला तीन आठवडे झाले.

रिपोर्ट: क्रिएटिनिन १.३ (आधी १.९), लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर १.८ (आधी ४.६), अल्ब्युमिन २.९, हिमोग्लोबिन ९.१, कॅल्शियम ७.८, पोटॅशियम ४.६. घरचं बीपी १३०/८० च्या आसपास.

तक्रार अशी: पतसंस्थेत हिशेबाचं काम आहे, तिथे बेरजा चुकतात. वरणात मीठ दोनदा पडतं. शब्द ओठांवर येऊन अडतो. तिच्या शब्दांत, "माले काही ध्यानमा ऱ्हास नही" (काही लक्षात राहत नाही). पहाटे तीनला टक्क जाग. सकाळी बोटं आखडलेली, दिवसभर गळाठा. संध्याकाळी घोट्यांवर सूज, तीही गेल्या काही दिवसांत वाढलीय. नाशिकच्या किडनीच्या डॉक्टरांची तारीख २० दिवसांनी आहे. तोवर काय करून ठेवू? मेंदूच्या डॉक्टरांकडे लगेच न्यावं का?

गोळीचा_डबा

दादा, तुमच्या यादीत पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते प्रिगाबालिन. हे औषध जवळजवळ सगळंच्या सगळं किडनीवाटे बाहेर पडतं. वय २९, वजन ४६, क्रिएटिनिन १.३ हे कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घातलं की क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते त्याचा अंदाज) ४६ च्या आसपास येतो. ६० च्या खाली डोस निम्मा करतात, म्हणजे सुरुवात दिवसाला ७५ मिग्रॅपासून. तिला पहिल्या दिवसापासून १५० चालू आहे. क्रिएटिनिन १.३ "जवळपास नॉर्मल" दिसतं, पण बारीक अंगाच्या बाईत तो आकडा फसवा असतो. स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होतं.

आणि या गोळीने होतं काय? गुंगी, शब्द न सुचणं, तोल जाणं आणि *घोट्यांवर सूज*. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी एकाच पाकिटात असू शकतात. सूज वाढली म्हणून कुणी टॉर्सेमाइड वाढवलं तर सोडियम खाली जाईल आणि डोकं आणखी गुंगेल. हा गोल फेरा फार जणांचा होतो.

गॅबापेन्टिनचंही हेच. बॅक्लोफेन (पाठ-मान आखडल्यावर देतात ते) तर किडनीच्या रुग्णात त्याहून वाईट, कमी डोसवरही माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. डायक्लोफेनॅक, एसीक्लोफेनॅक, निमेसुलाइड, आयबुप्रोफेन यांतलं काहीही घरात असेल तर बाजूला काढा. टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइडच्या जोडीला ही तिसरी गोळी आली की क्रिएटिनिन आठवड्यात वर जातं. दुखलंच तर पॅरासिटामॉल ५००.

दोन प्रश्न. प्रेडनिसोलोन किती वाजता घेते? आणि कॅल्शियम किंवा आम्लपित्ताचं पातळ औषध मायकोफेनोलेटबरोबरच घेते का? अँटासिड आणि लोह यांच्यात अन् मायकोफेनोलेटमध्ये दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही.

अंमळनेरकर

प्रेडनिसोलोन १० सकाळी, ५ रात्री जेवल्यावर. कॅल्शियम दुपारी. अँटासिड अधूनमधून, वेळ नक्की नाही.

गोळीचा_डबा

मग पहाटे तीनचं कोडं अर्धं सुटलं. डॉक्टरांना फोन करून विचारा की सगळे १५ सकाळी नाश्त्यानंतर आठच्या आत घेतले तर चालतील का. बहुतेक वेळा चालतात. स्वतःहून कमी मात्र करायचं नाही आणि एक दिवसही चुकवायचं नाही. महिनोन्महिने स्टेरॉइड चाललं की शरीराची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते. अचानक थांबवलं तर बीपी कोसळतं.

काचपट्टी

लॅबच्या बाजूने. तारखेच्या चार दिवस आधी हे करून घ्या, म्हणजे डॉक्टरांसमोर कागद असेल.

थायरॉइडसाठी टीएसएच आणि *फ्री* टी४. लघवीतून प्रोटीन जातं तेव्हा थायरॉइडचं हार्मोन वाहून नेणारं प्रोटीनही त्याच वाटेने जातं. त्यामुळे टोटल टी४ उगाच कमी दिसतो. फ्रीच मागा. तेच ड जीवनसत्त्वाचं, त्याचाही वाहक लघवीतून गळतो.

बी१२. मुंग्या आणि विसराळूपणा एकत्र असताना हे न बघता मुंग्यांची गोळी देणं मला पटत नाही. शाकाहारी घर असेल आणि पॅन्टोप्राझोल महिनोन्महिने चालू असेल तर शंका आणखी पक्की. फक्त एक: नमुना देण्याआधी बी१२चं इंजेक्शन घेऊ नका, आकडा खोटाच मोठा येतो आणि मग कुणालाच काही कळत नाही. पॅन्टोप्राझोलमुळे मॅग्नेशियमही उतरतं, तेही बघा. सोडियम तर हवंच.

हिमोग्लोबिन ९.१ ला "अशक्तपणा" म्हणून सोडू नका. लोह, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या वाहकावर किती टक्के लोह आहे), फेरिटिन (लोहाचा साठा). फेरिटिन एकटं बघू नका, अंगात दाह असला की ते फुगतं. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर लोह कमीच समजा. सोबत रेटिक्युलोसाइट, एलडीएच आणि कूम्ब्स, कारण लुपसमध्ये शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू शकतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही बघा, मायकोफेनोलेट त्यांना खाली आणतं.

कॅल्शियम ७.८ बघून घाबरू नका. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणा आणि मिळवा. तुमचं ०.८८ वाढून ८.७ च्या आसपास येतं, म्हणजे ठीक.

आजार पुन्हा उसळलाय का ते सी३, सी४ आणि अँटी-डीएसडीएनए सांगतील. एक खूण ध्यानात ठेवा: ईएसआर आणि सीआरपी या दोन्ही दाहाच्या तपासण्या, पण लुपस उसळतो तेव्हा ईएसआर चढतो आणि सीआरपी बऱ्याचदा फारसं हलत नाही. सीआरपी खूप चढलं तर आधी जंतुसंसर्ग शोधतात.

लघवी सकाळची पहिली, मधल्या धारेची, पाळीच्या दिवसांत नको, दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. दर वेळी तीच लॅब. जळगावचा एक आकडा आणि धुळ्याचा दुसरा यांची तुलना करून रात्रीची झोप घालवू नका.

सातपुडा_वारा

इतक्या तपासण्या कशाला? आजारपणाचं टेन्शन आहे झालं. चार दिवस मामाच्या गावाला पाठवा, हवापालट होईल.

वॉर्ड_नंबर_सहा

भाऊ, टेन्शनही खरंच असतं आणि त्यालाही उपचार आहेत. नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ यादी डॉक्टर पाच मिनिटांत भरून घेतात. पण ते *पहिलं* उत्तर नको. नाहीतर थायरॉइड, बी१२ आणि प्रिगाबालिन तिघंही मामाच्या गावाला सोबत जातील.

अंमळनेरकर दादा, मेंदूच्या डॉक्टरांचं सांगतो. लुपस मेंदूवरही येतो. १९९९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने त्याची १९ रूपं नोंदवली, त्यात विचारांचा मंदपणाही आहे. अडचण अशी की निव्वळ मंदपणात एमआरआय बऱ्याचदा स्वच्छ येतो. म्हणून आधी वरची साधी कारणं निकालात काढायची, मग लुपसकडे बोट दाखवायचं. अँटीफॉस्फोलिपिडच्या तीन तपासण्या झाल्या नसतील तर किडनीच्या डॉक्टरांना विचारा. त्या सकारात्मक आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. रक्त गोठण्याची ही प्रवृत्ती मेंदूत बारीक झटके देऊ शकते.

स्टेरॉइडनेही मन बिघडतं, पण ते बहुधा सुरुवातीच्या किंवा डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यांत, आणि दिवसाला ४० मिग्रॅच्या वर धोका जास्त. १५ वर उतरल्यावर नव्याने सुरू झालं असेल तर मी दुसरीकडे बघेन.

गळाठ्याचं नेमकं रूप शोधा. तिला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. मग वेणी घालायला सांगा. उठताना मांड्या दगा देत असतील आणि हात वर धरवत नसतील, तर स्टेरॉइडने मांडी-खांद्याचे स्नायू कमकुवत झाले असतील. त्यावर विश्रांती चालत नाही, हलका व्यायाम लागतो. उठता येतं पण दुपारी दिवा विझल्यासारखं होतं, तर रक्त, झोप, थायरॉइड. सकाळची बोटं किती वेळ आखडलेली असतात ते घड्याळ लावून बघा. दहा मिनिटं आणि एक तास यात जमीन-अस्मानाचा फरक. तासभर म्हणजे सांध्यांत दाह जागा आहे, स्टेरॉइड उतरवण्याचा वेग बघावा लागेल.

आता ज्याला २० दिवस थांबायचं नाही ते. फिट येणं. एकदम बीपी चढून डोकं फुटल्यासारखं दुखणं आणि नजर धूसर होणं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं असंबद्ध. १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप, कारण या औषधांवर ताप म्हणजे संसर्ग समजूनच चालायचं. *एकाच* पायाची सूज आणि पोटरी दुखणं, किंवा अचानक धाप: अल्ब्युमिन कमी असताना रक्ताच्या गाठी होतात. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, मध्यरात्री असलं तरी, मोठं रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

कळण्याची_भाकर

स्वयंपाकघराचं मी सांगते. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. सकाळी तिच्यासाठी एका छोट्या डबीत पाऊण चमचा मीठ काढा. तिचं सगळं त्यातूनच, आणि डबी संपली की संपली. उरलेला पाव चमचा दूध-भाज्यांत आपसूक असतो. भाकरीत, भातात मीठ नाहीच. वरणात दोनदा मीठ पडण्याची चिंताही त्यामुळे मिटते.

आपल्याकडचं खरं मीठ मात्र डबीबाहेर असतं. बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड, लोणचं, शेवभाजीतली शेव. पापडखारही सोडियमच, त्यामुळे "मीठ कमी घातलंय" म्हणून केलेले पापड चालत नाहीत. सैंधव हेही सोडियमच. आणि "लो सोडियम" मीठ आणू नका: त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनबरोबर ते अंगात साठतं. भरीत करा, वांगी चांगली भाजा, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून लिंबू. मीठ अर्धं असलं तरी कळत नाही.

केळी बंद करू नका. जळगाव जिल्ह्यात किडनीचं नाव काढलं की सगळे आधी केळ्यावर उठतात. मध्यम केळ्यात ४०० मिग्रॅच्या आसपास पोटॅशियम. ४.६ असताना रोज एक चालेल, ५ च्या वर गेलं तर थांबा. डाळही तोडू नका: प्रोटीन किलोला ०.८ ग्रॅम, म्हणजे तिला साधारण ३७ ग्रॅम.

भूक लागत नाही म्हणून अल्फाल्फाचं टॉनिक आणतात, ते नको. अल्फाल्फा म्हणजे आपलं गुरांचं लसूणघास. त्यात एल-कॅनाव्हॅनिन असतं, लुपस उसळवतं. गुळवेलही नको, जिची प्रतिकारशक्ती आधीच घरच्यांवर उठलीय तिला आणखी चिथवू नये. कुठलंही भस्म आणि बिननावाचं गोरेपणाचं क्रीम घरातून काढा. पाऱ्याने किडनीच्या चाळणीला वेगळाच आजार होतो.

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये ओढणी गुंडाळून भागत नाही. पातळ कापडातून किरणं आत जातात. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, चेहरा-मानेला दोन बोटांभर लांबीचं, दोन तासांनी पुन्हा. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करून टॉर्सेमाइड आणि टेल्मिसार्टन थांबवायचं का ते विचारा. स्टेरॉइड चालूच.

काचपट्टी

वजन सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे.

अंमळनेरकर

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना "विसरते" एवढं सांगितलं की ते मान हलवतात. नेमकं काय लिहून नेऊ?

वॉर्ड_नंबर_सहा

"विसरते" या शब्दावर डॉक्टरला काही करता येत नाही. वही करा, एका प्रसंगाला एक ओळ. असं:

"मंगळवार, सकाळी ११. ३,४८० आणि २,७६५ ची बेरीज तीनदा चुकली. झोप ४ तास. बीपी १३८/८४. प्रिगाबालिन ९ वाजता."

पंधरा ओळी झाल्या की वेळ आपोआप दिसते. गोळीनंतर दोन तासांत चुका होतात, की झोप न झालेल्या दिवशी, की रोज सारख्याच. चुकलेल्या बेरजेचा कागदही लावून न्या. तिथे मोका चाचणी (स्मरण आणि विचारशक्तीची) मागा. १०-१५ मिनिटांची, ३० गुणांची, २६ आणि वर ठीक. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. घरी करू नका, पाठ होते आणि पुढच्या वेळी निकामी ठरते.

गोळीचा_डबा

राहून गेलं ते. सगळी पाकिटं, गावातून आणलेलीही, एका पिशवीत घालून न्या, याद्यांवर भरवसा ठेवू नका. मूल हवं असेल तर आत्ताच बोला: मायकोफेनोलेटवर गर्भ राहू देत नाहीत, किमान सहा आठवडे आधी ते बदलतात. टेल्मिसार्टनचंही तसंच.

आणि हा धागा वाचून आज रात्रीच प्रिगाबालिन एकदम बंद करू नका. तीन आठवडे घेतलंय, अचानक थांबवलं तर झोप उडते, घाम, मळमळ, क्वचित फिटही. उद्या सकाळी किडनीच्या डॉक्टरांना फोन, ४६ हा आकडा त्यांना सांगा, आणि किमान आठवडाभरात उतरवण्याचा क्रम त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

अंमळनेरकर

फोन लावला. आजपासून रात्रीची एकच ७५, आठवड्याने बंद. प्रेडनिसोलोन उद्यापासून सगळं सकाळी. बी१२ आणि थायरॉइडचा नमुना परवा देतोय.