'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोली: महापे एमआयडीसीत औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल मराठीतून सांगायचं आहे. अॅम्लोडिपिनसाठी 'कॅल्शियम वाहिनी रोधक' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती रोज हीच गोळी घेते. तिनं घाबरून विचारलं, "म्हणजे ही रक्तवाहिनी बंद करते?"

अर्थ नेमका उलटा झाला. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो. ही गोळी ते शिरणं कमी करते, भिंत सैल पडते, दाब उतरतो. 'वाहिनी' म्हटलं की आपल्याला नळी दिसते. चॅनल म्हणजे तर पेशीच्या पटलातला प्रथिनाचा दरवाजा आहे. दुसरा शब्द सुचवाल का?

ठाणे: ताई, माझा आक्षेप 'रोधक'वरही आहे. इनहिबिटर, अँटॅगोनिस्ट, ब्लॉकर, तिघांनाही आपण तोच शिक्का मारतो. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. 1981 साली मान्यता मिळालेलं रक्तदाबाचं औषध कॅप्टोप्रिल विकराच्या खोबणीतल्या जस्ताला आपल्या गंधकानं धरतं आणि त्याचं काम थांबवतं. अशा इनहिबिटरला निरोधक म्हणा. रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, 'ग्राही' चांगला आहे. तिथं प्रोप्रॅनोलॉल हे औषध अॅड्रेनलिन या संप्रेरकाच्या जागेवर जाऊन बसतं, वाशी लोकलमध्ये खिडकीशी रुमाल टाकून जागा धरावी तसं. स्वतः काही करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. अशा अँटॅगोनिस्टला मी 'जागा अडवणारं औषध' म्हणतो. लांब आहे, पण ऐकणाऱ्याला कळतं.

घणसोली: आमच्याकडे खाडीच्या बांधाला उघाडी असायची. भरतीला खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मिटायची, ओहोटीला उघडायची. पाण्याच्या दाबावर चालणारं दार. तुमचं चॅनल असंच काही आहे का?

ऐरोली: दादा, अगदी तसंच! फक्त इथं दाब पाण्याचा नसून विजेचा असतो. पटलाच्या आतबाहेरचा विद्युतभार बदलला की हे दार उघडतं. अॅम्लोडिपिन भोकात बूच बसवत नाही, ते दाराच्या बाजूला चिकटतं आणि दार सहज उघडू देत नाही. म्हणजे 'ब्लॉकर' हा मूळ शब्दही थोडा ढोबळच. पाचशे डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आतला एवढासा रेणू, पण त्याला नेमकी ती फट सापडावी म्हणून रसायनतज्ज्ञ एकेक अणू बदलून पाहतात.

टिपणात आता असं लिहिलं आहे: 'ही गोळी कॅल्शियमच्या उघाड्या मिटलेल्या ठेवते, म्हणून रक्तवाहिनी सैलावते.' जाणकारांसाठी पुढे 'आयनद्वार' घातलंय.

आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी ती म्हणाली, "मग माझे घोटे का सुजतात?" बारीक धमन्या सैलावतात, पण शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, ते तिनं आजवर सांगितलंच नव्हतं. सोमवारी घेऊन जाते.