क्रूड चढलं तरी नॅचरल गॅस का पडतो?

काटेकोर
एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूड (कच्चं तेल) तेजीत असलं की नॅचरल गॅसही घ्यावा, असं सर्रास सांगतात. पण दोघांचे चार्ट शेजारी ठेवले तर महिनोन्‌महिने मेळ लागत नाही, कधी तर चाल चक्क उलटी. एक लॉट (सौद्याचा ठरलेला आकार) क्रूड घेऊन एक लॉट गॅस विकायचा, अशा जोडीला काही आधार आहे का? आणि आपल्याकडचा गॅस क्रूडच्या भावाला बांधलेला आहे म्हणतात, ते कसं?

विहीरतळ
आधी कुठला गॅस ते बघा. एमसीएक्सचा सौदा अमेरिकेतल्या हेन्री हब या गॅस केंद्राच्या भावावर सुटतो. क्रूड टँकरमध्ये भरून कुठेही नेता येतं, म्हणून त्याचा भाव जगभर जवळपास सारखा. गॅस पाइपलाइनला जखडलेला असतो. समुद्रापार न्यायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव करावा लागतो, आणि ती क्षमता मोजकी. ८ जून २०२२ ला टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट एलएनजी (द्रवरूप गॅस) प्रकल्पात स्फोट झाला आणि रोजचा सुमारे २ अब्ज घनफूट गॅस निर्यातीऐवजी देशातच अडकला. क्रूड तेव्हा १२० डॉलरच्या आसपास होतं, आणि गॅस मात्र दर एमएमबीटीयूला (उष्णतेचं एकक) ९ डॉलरवरून महिनाअखेर साडेपाचच्या आसपास आला.

उलट्या चालीचं मूळ विहिरीत आहे. अमेरिकेतल्या पर्मियन खोऱ्यात खोदतात ते तेलासाठी, गॅस सोबत येतो. क्रूड महाग झालं की विहिरी वाढतात आणि कुणी मागितला नसताना गॅसही वाढतो. शिवाय विहीर जुनी होत जाते तसा साठ्यातला दाब उतरतो. एका मर्यादेखाली तेलात विरघळलेला वायू मोकळा होऊ लागतो, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतो तसा, आणि दर बॅरलमागे गॅस वाढतो. २०२४ मध्ये पश्चिम टेक्सासच्या वाहा केंद्रावर कित्येक दिवस गॅसचा भाव शून्याखाली होता. गॅस थांबवायचा तर तेलही थांबवावं लागलं असतं, त्यापेक्षा पैसे देऊन गॅस खपवणं परवडत होतं.

एप्रिल २०२० मध्ये हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. २० तारखेला डब्ल्यूटीआय या अमेरिकी क्रूडचा मे सौदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेलविहिरी बंद होणार, म्हणजे सोबतचा गॅसही आटणार, या हिशेबाने पुढच्या हिवाळ्याचे गॅस सौदे त्याच सुमारास वर गेले. अर्थात अमेरिकेतल्याच मार्सेलस आणि हेन्सव्हिल या क्षेत्रांतला गॅस तेलाशिवाय येतो, तिथलं खोदकाम गॅसच्याच भावावर ठरतं. म्हणून हा संबंध महिन्यांच्या अंतराने दिसतो, रोजच्या चार्टवर शोधू नका.

लॉटगणित
एकास एक लॉट ही जोडीच नव्हे. क्रूडचा मोठा लॉट १०० बॅरलचा, गॅसचा १,२५० एमएमबीटीयूचा. एका बॅरलमध्ये साधारण ५.८ एमएमबीटीयू उष्णता, म्हणजे क्रूडचा अख्खा लॉट ५८० एमएमबीटीयू, गॅसच्या अर्ध्या लॉटहूनही कमी. रुपयांत मोजा: समजा क्रूड ६,००० आणि गॅस ३००, तर एक लॉट ६ लाखांचा, दुसरा पावणेचार लाखांचा. तरीही गॅसची टक्केवारीतली उसळी इतकी मोठी असते की नफातोटा बहुतेकदा गॅसच ठरवतो. तुम्ही ज्याला हेज (जोखीम झाकणारा सौदा) समजताय ते दोन वेगळे सट्टे आहेत.

गॅससाठी गुरुवारचा साठ्याचा अहवाल आणि अमेरिकेतलं हवामान बघा. अहवाल भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात रात्री ८ ला, हिवाळ्यात ९ ला येतो. क्रूडच्या साठ्याचा अहवाल एरवी बुधवारी त्याच वेळी.

विहीरतळ
आता आपला गॅस. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून तिथून तेल येतंय. तिथला बराचसा गॅस तेलासोबतचा, तो उरणला उतरतो. शेजारचं वसई क्षेत्र मात्र मुख्यतः गॅसचंच, त्याची लाइन हजिऱ्याला जाते. ओएनजीसीच्या अशा जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर एप्रिल २०२३ पासून भारतीय क्रूड बास्केटच्या (भारत आयात करतो त्या क्रूडच्या सरासरी भावाच्या) १० टक्के, दर एमएमबीटीयूला, आणि तो दर महिन्याला ठरतो. खाली ४ डॉलरचा तळ, वर साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा. मर्यादा दोन वर्षं तशीच, नंतर दरवर्षी पाव डॉलरने वर.

आयात एलएनजीच्या बऱ्याच दीर्घ करारांतही क्रूडच्या भावाची टक्केवारीच असते. टक्केवारी १२.५ धरली आणि ब्रेंट क्रूडची तीन महिन्यांची सरासरी ८० असली, तर १० डॉलर. उष्णतेच्या हिशेबाने बरोबरी १७.२ टक्क्यांना (१०० भागिले ५.८) होते, त्यामुळे इथे गॅस क्रूडपेक्षा स्वस्तच पडतो.

काटेकोर
म्हणजे बास्केट ७० वरून ९० ला गेली तरी सीएनजीला झळ नाही?

विहीरतळ
जुन्या क्षेत्रांच्या गॅसपुरती नाही, कारण ७० चे १० टक्के म्हणजे ७, आणि मर्यादा एप्रिल २०२५ ला ६.७५ झाली. पण शहर गॅस कंपन्यांना हा गॅस पुरेसा मिळत नाही. उरलेला गॅस या कंपन्या नव्या विहिरींचा घेतात, त्याचा दर बास्केटच्या १२ टक्के, किंवा आयात एलएनजी. क्रूडची झळ सीएनजीला लागते ती या उरलेल्या हिश्श्यातून, आणि एलएनजीच्या बाबतीत सरासरीमुळे दोन-तीन महिने उशिरा.