आबांनी (आर. आर. पाटील) 25 वर्षांत तासगावला दिलं काय?

सावळजकर: काल इथं एकानं टाकलंय, "आर. आर. पाटील 6 वेळा आमदार, तालुक्याला काय मिळालं? भाषणं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 1990 पासून 2015 ला जाईपर्यंत माणूस एकदाही पडला नाही. घरचा कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही. सांगली जिल्ह्यात हे जमवून दाखवा आणि मग बोला. आबांच्या ग्रामस्वच्छता अभियानात आमच्याकडं सरपंच, मास्तर सगळे खराटा घेऊन गटारीत उतरले होते. गावातली भांडणं गावातच मिटवायच्या त्यांच्या तंटामुक्ती मोहिमेत माझ्या दोन चुलत्यांचा बांधाचा दावा मिटला. वकील अजून नाराज आहे.

विट्याचा: ती पोस्ट माझी. आबा स्वच्छ होते, वादच नाही. पण स्वच्छ असणं ही आमदाराची पात्रता झाली, ती कर्तबगारी कधीपासून? गृहमंत्री म्हणून आणलेली डान्सबार बंदी 2005 ची, 2013 ला सुप्रीम कोर्टात टिकली नाही. 26/11 च्या मुंबई हल्ल्यानंतर 'मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात' या एका वाक्यानं उपमुख्यमंत्रिपद गेलं. आणि पाण्याचं काय? त्यांच्याच भागातल्या वंचित गावांना टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी मिळावं म्हणून त्यांच्या पत्नी, आमदार सुमनताईंना 2023 ला उपोषणाला बसावं लागलं.

सावळजकर: माझा मेव्हणा आबांच्या काळात पोलीस झाला, एक रुपया न देता. आज विचारा भरतीच्या पोरांना.

विट्याचा: एक मेव्हणा म्हणजे तालुका नव्हे, साहेब.

कवठेकर: पाण्याचं निघालंच आहे तर ऐका. आमचा कवठेमहांकाळ तालुका 2009 ला तुमच्या मतदारसंघात आला. म्हैसाळ उपसा योजनेचे पंप वीजबिल थकलं की बंद, ऐन उन्हाळ्यात. बागा आम्ही टँकरनं जगवल्या.

मणेराजुरी: बिल थकायचं कुणामुळं? पाणीपट्टी भरायला नको, पाणी मात्र पहिलं पाहिजे! आता वीजबिलाचे 81 टक्के सरकार भरतंय, 19 टक्के तुम्ही. तेवढं तरी भरा.

कवठेकर: माझ्या ऊसबिलातनं परस्पर कापून घेतात, कळलं? पाणी आलं एक पाळी, कापली दोनची. तू द्राक्षवाला, ठिबकवर बसून शहाणपण शिकवतोस?

मणेराजुरी: ठिबकनं पाणी वाचतं म्हणूनच करतो. तुम्ही सरीत पाणी सोडून झोपता, खालच्या गावात काय पोचणार? धूळ?

कवठेकर: तोंड सांभाळून. माझ्या शिवारात येऊन बघ कोण झोपतंय ते.

विट्याचा: अहो, आबांवर बोलत होतो आपण.

सावळजकर: तुम्हीच पाणी काढलंत! बरं, टेंभूचं तुमचं बरोबर, आमच्याकडं उशीर झाला. पण 2024 ला लोकांनी आबांच्या पोराला, रोहितदादांना निवडून दिलं, ते काय सगळे येडे?

विट्याचा: येडे नाहीत, आबांवर माया आहे. मायेनं पाट भरत नाही.

मणेराजुरी: कवठेकर, कापलेल्या बिलाची पावती टाका की इथं.

कवठेकर: तू आधी तुझी टाक.