मदत हवी आहे : पाझिरिकचा गालिचा विणला कुणी?

नमस्कार मंडळी. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यांबद्दल जाणकारांना विचारायचं आहे. शक-सिथियन जगातल्या या भटक्या घोडेस्वारांच्या सरदारांना मोठमोठ्या दगडी ढिगांखाली पुरलेलं होतं. आत पाणी झिरपून गोठलं आणि लाकूड, चामडं, नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड), इतकंच काय, गोंदलेली माणसाची कातडीसुद्धा सुमारे 2,300 वर्षं टिकली!

माझा जीव अडकलाय तो पाचव्या थडग्यातल्या गालिच्यात. 1949 साली सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ रुदेंको यांना सापडलेला हा गालिचा आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. जेमतेम दोन मीटरचा, पण गाठी इतक्या बारीक की काठावरच्या घोड्यांच्या बांधलेल्या शेपट्याही ओळखू येतात. एक स्वार घोड्यावर, पुढचा घोड्याशेजारी पायी, असा क्रम चालतो. आतल्या पट्टीत ठिपकेदार हरणं.

घोड्यांची मांडणी इराणी, म्हणजे प्राचीन इराणच्या हखामनी साम्राज्याच्या धाटणीची वाटते. त्याच थडग्यातल्या नमद्याच्या भल्यामोठ्या पडद्यावरचा स्वार मात्र अगदी वेगळ्या हाताचा. मग गालिचा इराणकडून आला, मध्य आशियात विणला, की भटक्यांनीच? गाठींच्या पद्धतीवरून किंवा रंगांवरून काही ठरवता येतं का? विणकाम किंवा वस्त्रसंवर्धन शिकलेल्यांनी कृपया जरूर लिहा. हर्मिटेजमध्ये कुणी तो प्रत्यक्ष पाहिला असेल, तर काचेतून गाठी कितपत दिसतात, तेही सांगा.